मदत हवी आहे: ओटीवर २०० एमबीपीएस, माडीवर ९४ च्या पुढे जात नाही

मंडळी, घर चिपळूणजवळ, जुनं, जांभ्याच्या जाड भिंतींचं. फायबर २०० एमबीपीएसचं. केबलवाल्याने दिलेला ओएनयू (फायबर ज्यात येते तो डबा) ओटीवर आहे. तिथे उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर तपासलं की १९० च्या वर मिळतात. पण जांभ्यातून ५ गिगाहर्ट्झ माडीवर पोचतच नाही आणि २.४ वर जेमतेम रेंज, म्हणून ओएनयूच्या लॅन पोर्टमधून वायर ओढून वर स्वतःचा गिगाबिट राउटर लावलाय.

तर वर लॅपटॉप राउटरला वायरने जोडला तरी ९४. सकाळी ९४, मध्यरात्री ९४. केबलवाला म्हणतो राउटर बदला, राउटरचा दुकानदार म्हणतो लाइनच खराब.

शिवाय वारापाऊस झाला की ओएनयूवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप जातो. एरवी ओएनयूच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे २२ डीबीएम दिसते. दोन्हीचा एकमेकांशी संबंध असेल का? बाबांच्या मालिका खाली छान चालतात, त्यामुळे नव्या राउटरला घरून मंजुरी मिळणं कठीण आहे.

प्रतिसाद १
राउटर बदलू नका. लाइन खराब असती तर आकडा वरखाली झाला असता. ९४ वरच अडतोय म्हणजे कुठेतरी लिंक १०० एमबीपीएसवर जुळलीये, १०० च्या लिंकवर प्रत्यक्षात इतकेच मिळतात. काही ओएनयूंना एकच पोर्ट गिगाबिट असतं, बाकीची १०० ची. लॅपटॉप ओटीवर न्या, तयार मिळणाऱ्या छोट्या वायरने एकेक पोर्ट तपासा.

धागाकर्ता
कमाल आहे! पहिल्या पोर्टवर १९६, दुसऱ्यावर ९४. केबलवाल्याने वायर दुसऱ्यातच खोचलेली. ती पहिल्यात घातली, पण माडीवर अजूनही ९४ च.

प्रतिसाद १
मग वायरही तपासा. १०० ला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट बसली नसली तरी लिंक गुपचूप १०० वर येते आणि दिवे मात्र सगळे लागलेले. दोन्ही टोकं कापून नवे आरजे-४५ (वायरच्या टोकाचे प्लग) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून घ्या. तरीही नाही झालं तर वायर मधे कुठे खिळ्याखाली चेपलीये का बघा.

प्रतिसाद २
लाल दिव्याचं प्रकरण वेगळं. एलओएस म्हणजे ओएनयूपर्यंत प्रकाशच येत नाहीये. उणे २२ उत्तम आहे, साधारण उणे २७ च्या खाली गेलं की गडबड सुरू होते. वाऱ्यात खांबापासूनची फायबर हेलकावते, कुठेतरी घट्ट वळते, नाहीतर जॉइंटच्या डब्यात पाणी शिरतं. लाल दिवा लागायच्या आधी किंवा लगेच नंतर आरएक्स पॉवरच्या पानाचा फोटो काढून केबलवाल्याला पाठवा. उन्हात येऊन "सगळं ठीक आहे" म्हणायची सोयच राहणार नाही. आणि हिरवा कनेक्टर काढून त्यात डोकावू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. क्रिंपिंगवाला उद्या येतोय. पाऊस आला की फोटो टाकतो.