नर्मदा आली का?

(इंदूर. आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ. गुड मॉर्निंगचे फोटो आणि 'धन्यवाद'चे अंगठे वगळून.)

सेक्रेटरी (ए-१०१): सूचना. आज नर्मदा ६ ऐवजी ८ वाजता येईल. टाक्यांचे व्हॉल्व्ह कोणी परस्पर फिरवू नयेत. मागच्या वेळी बी-विंगला दोन दिवस बोअरचं पाणी वापरावं लागलं. कोणामुळे, ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-३०४: माझ्याकडे तर साडेसहालाच आली काका. मस्त फोर्स आहे.

वहिनी (ए-३०२): काय सांगता! आणि आम्हाला कळवलं नाही? थांबा, पिंप लावते.

पाणीवाले काका (सी-२०१): शक्यच नाही. आत्ता नळ बघितला, ठणठणीत.

बी-३०४: अहो नळाची नाही. 'मा रेवा', नर्मदेवरचं गाणं. इंडियन ओशन बँडचं. स्पीकरवर लावलंय.

वहिनी: भाऊ, रविवारी सकाळी असले विनोद नाही करायचे. मी जुनं पाणी झाडांना घालून मोकळी झाले ना.

तात्या (बी-२०४): तरीच! मला वाटलं लिफ्टची मोटर गेली. भिंतीतून नुसतं धुम्म धुम्म येऊन राहिलंय.

बी-३०४: तो बेस आहे तात्या, राहुल राम वाजवतात. सॉरी, कमी करतो.

तात्या: कमी नका करू. बंद करा असंही म्हणत नाही. फक्त पोहे होईस्तोवर थांबा.

धाकटी (सी-४०३): काका रोज तेच गाणं लावतात. आमच्या गॅलरीत पाठ झालंय. अल्बम २००० सालचा आहे, मी जन्मलेपण नव्हते.

बी-३०४: 'कंदिसा', २०००. बरोबर. सात गाणी आणि त्यातलं हे एक. आता तू विषय काढलास तर लिहूनच टाकतो, महिनाभर डोक्यात आहे.

हा बँड १९९० चा, दिल्लीचा. सुस्मित सेन गिटार, अशीम चक्रवर्ती तबला आणि गळा. राहुल राम नंतर आले, अमित किलम त्याच्याही नंतर, ड्रमवर. राहुल राम अमेरिकेहून पीएचडी करून आलेले, पर्यावरणातल्या विषांवर. परत येऊन गेले कुठे, तर नर्मदेच्या खोऱ्यात, नर्मदा बचाओ आंदोलनात. तिथे कानावर पडलेलं गाणं बरोबर घेऊन ते बँडमध्ये आले. म्हणजे हे गाणं दिल्लीच्या स्टुडिओत सुचलेलं नाही. आपल्या इकडचं आहे, घाटाखालचं. आपण ज्या नदीचं पाणी पितो तिचं.

पण एकच गाणं! सहा-सात मिनिटांत आटोपलं. १३१२ किलोमीटरची नदी आणि सात मिनिटं. माझं म्हणणं एवढंच की ह्या लोकांनी आता अख्खी नर्मदा करावी. अमरकंटकपासून भडोचपर्यंत एक सलग काम, तासाभराचं. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते जमेल असं मला वाटत नाही.

सेक्रेटरी: आंदोलन वगैरे विषय ग्रुपवर नको. नियम क्रमांक ४.

बी-३०४: काका मी गाण्याबद्दल बोलतोय.

सेक्रेटरी: गाण्याबद्दल बोला. नियम फक्त आठवण म्हणून टाकला.

धाकटी: पण काका, २०२३ ला आला ना त्यांचा नवीन, 'तू है'. नऊ वर्षांनी. तुम्ही ऐकला का तरी?

बी-३०४: ऐकला. दोनदा. चांगला आहे, स्वच्छ वाजवलाय. त्याच्या आधीचा २०१४ चा 'तंदानू', त्यात प्रत्येक गाण्याला एक बडा पाहुणा. शुभा मुद्गल काय, शंकर महादेवन काय. पंगत जोरदार, पण यजमान कुठे बसलेत तेच दिसेना. मला ह्यांच्याकडून आणखी सात सुटी गाणी नकोत. एकच मोठी गोष्ट हवी.

धाकटी: तासभर कोण ऐकणार पण? माझ्या वर्गात तीस सेकंदांच्या पुढे कोणी जात नाही.

माई (ए-००२): तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस पायी परिक्रमा करतात गं लोक. तुम्हाला एक तास बसवत नाही?

तात्या: माई, बढिया!

वहिनी: मला एक सांगा, रॉकवाल्यांचं वय किती आता? गुडघे धरून स्टेजवर उभं राहायचं की एवढं मोठं काम काढायचं?

धाकटी: रोलिंग स्टोन्सचा अल्बम २०२३ ला आला होता मामी. स्वतःच्या नव्या गाण्यांचा, १८ वर्षांनी. मिक जॅगर ८० वर्षांचे होते तेव्हा.

वहिनी: ८०! आमच्या सासऱ्यांना रिमोट सापडत नाही.

बी-३०४: वयाचा प्रश्न नाही वहिनी. माणसं गेली हा प्रश्न आहे. अशीमदा डिसेंबर २००९ मध्ये गेले. सुस्मित २०१३ मध्ये बाहेर पडले. जुन्या चौघांतले दोघंच उरले. २०१० मध्ये त्यांनी '१६/३३० खजूर रोड' काढला, त्यात अशीमदांचा आवाज आहे, आणि ते तोवर नव्हते. करोलबागेतलं ते जुनं घर, जिथे ते रियाज करायचे, त्याचाच पत्ता अल्बमचं नाव. महिन्याला एक गाणं, फुकट डाउनलोड. मी तेव्हा नोकरीला नवा होतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचो, कोणी बघत नाही ना बघून. नवीन मुलं चांगली आहेत. तबल्याला तुहीन चक्रवर्ती, गिटारला निखिल राव, गायला हिमांशू जोशी. पण 'मा रेवा' लागलं की मी अजून अशीमदांच्याच गळ्याची वाट बघतो.

तात्या: हे मला समजतं. आता माझं ऐका. पोहे झाले.

भाऊ, तुम्ही जे मागता त्याला तुमच्यात काय म्हणतात?

बी-३०४: कॉन्सेप्ट अल्बम.

तात्या: हां. तर ते आपल्याकडे पस्तीस किलोमीटरवर होऊन गेलंय. देवासला. कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा' केलं, 'गीत हेमंत' केलं, 'गीत वसंत' केलं. एकेका ऋतूची अख्खी बैठक. त्यात राग आले, बंदिशी आल्या, माळव्यातल्या बायकांची गाणी आली. सुटं एक गाणं उचलून कौतुक करायची सोयच नाही. बसलात तर पूर्ण पावसाळा भिजून उठायचं. मी ऐकलंय त्यांना समोर बसून. त्यांच्या घराच्या, भानुकुलच्या ओट्यावर चहापण प्यायलोय, पण ते जाऊ द्या.

मुद्दा वेगळा आहे. हे सगळं आलं कुठून? १९४८ मध्ये माणूस देवासला आला तो क्षय घेऊन. चोविसावं वर्ष चालू, आधीच नाव झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गायचं नाही. पाचेक वर्षं पडून. खिडकीबाहेरून जाणाऱ्यांची गाणी तेवढी ऐकायची. त्यातून पुढचं सगळं निघालं. तेव्हा तुमच्या मंडळींची माणसं गेली, मधे नऊ नऊ वर्षं गेली, हे मला तरी वाईट लक्षण वाटत नाही.

बी-३०४: तात्या 🙏

पाणीवाले काका: मी मधे बोलू का? ३१ वर्षं पाण्याच्या कामात काढली, म्हणून बोलतो. तुमच्या अल्बममध्ये जलूद घ्या.

वहिनी: जलूद म्हणजे?

पाणीवाले काका: मंडलेश्वरजवळ. तिथून इंदूरला पाणी येतं, सत्तर किलोमीटर. १९७० मध्ये इथल्या लोकांनी नर्मदा आणा म्हणून रस्त्यावर येऊन आंदोलन केलं (सेक्रेटरीसाहेब, हे जुनं आहे, चालतं). पाणी आलं १९७८ मध्ये. आणि ते उतारानं नाही येत. नदी खाली निमाडात, आपण वर पठारावर. पंपांनी टप्प्याटप्प्यानं जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवायचं, विंध्याचा घाट पार करायचा, मग ते आपल्या अंगानं इंदुरात उतरतं. पंपहाउसमध्ये उभं राहिलात तर आवाज कानाला नाही, छातीला लागतो. तात्यांना भिंतीतून आला ना, तोच सूर. तुमच्या बेसवाल्यांना म्हणावं, आधी तिथे या.

बी-३०४: काका हे मला सुचलंच नव्हतं. नदी उलटी चढते.

पाणीवाले काका: रोज चढते. वीजबिल बघाल तर भक्ती उतरेल.

माई: मी लिहू का थोडं? हळू टाइप होतं.

तात्या: लिहा माई, थांबलोय.

माई: माझं माहेर निमाडात, अगदी काठावर. उन्हाळ्यात अंगणात निजायचो. रात्री नदी ऐकू यायची. दगडावरून जाते ना, तसा. आजी म्हणायची, रेवा म्हणजे उड्या मारत जाणारी. पाणी वाढलं की आवाज बदलायचा. आजी अंथरुणातूनच सांगायची, वर कुठेतरी पाऊस झाला.

ते गाव आता पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की महादेवाच्या देवळाचा कळस दिसतो. भावाला नवीन जागी घर मिळालं. तिथून पाणी जुन्या घरापेक्षाही जवळ आहे. खिडकीतून दिसतं. पण रात्री काही ऐकू येत नाही. एवढं पाणी आणि गप्प.

(इथे नऊ मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपवर हा विक्रम असावा.)

सेक्रेटरी: माई, नियम ४ तुम्हाला लागू नाही.

बी-३०४: माई, सांगू का, मी महिनाभर ज्यावर अडलोय ते हेच. धुआंधार धबधबा वाजवणं सोपं आहे. भेडाघाटला ती पडते, ड्रम आहेत, अमित किलम आहेत, होऊन जाईल. महेश्वरचा घाट, ओंकारेश्वरची आरती, तेही होईल. पण ही धरणं? बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. मधली केवढी तरी नदी आता नदीसारखी वाहतच नाही, तळ्यासारखी उभी आहे. हरसूद २००४ मध्ये रिकामं झालं, अख्खं शहर. तिथे काय वाजवायचं? रॉक बँडला गप्प बसणं येतं का?

तात्या: यायला पाहिजे. समेला येऊन न वाजवण्यात जी मजा आहे ती वाजवण्यात नाही.

धाकटी: काका, तबल्याची जागा रिकामी सोडायची तिथे. बाकी सगळे वाजवतील, पण मधला ठेका नाहीच. ऐकणाऱ्याला कळेल काहीतरी गेलंय.

बी-३०४: तुला तीस सेकंदांच्या पुढे जात नाही म्हणालीस ना?

धाकटी: वर्गातल्यांना म्हटलं. मला नाही.

वहिनी: मग आता करायचं काय? नुसतं ग्रुपवर बोलून दिल्लीला ऐकू जाणार आहे का? पत्र लिहा सोसायटीच्या लेटरहेडवर.

सेक्रेटरी: लेटरहेड सोसायटीच्या कामाकरिता आहे.

वहिनी: पाणी हे सोसायटीचं काम नाही? सगळ्या मीटिंगा त्यावरच तर होतात.

सेक्रेटरी: बरं. मसुदा आधी इथे टाका. मंजुरी माझी.

बी-३०४: कच्चा मसुदा. दिल्लीला जायचंय म्हणून शेवटी हिंदीत करू.

"नर्मदे हर. आम्ही इंदूरचे. तुम्ही गायलेल्या नदीचं पाणी रोज पितो, दिवसाआड येतं तरी. तुमचं गाणं पंचवीस वर्षं ऐकतोय आणि ते पुरलेलं नाही. आमची विनंती की तुम्ही नदी पूर्ण करावी. घाई नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागले तरी चालतील. पाहुणे कमी बोलवावेत. जलूदचे पंप ऐकायला यावं, राहण्याची सोय आमच्याकडे."

तात्या: पाहुण्यांचं वाक्य काढा. घरी बोलावता आणि पाहुणे कमी म्हणता.

वहिनी: जेवणाचं लिहा. सराफ्यात रात्री नेऊ, भुट्ट्याचा कीस, गराडू. असं कोरडं बोलावल्यावर कोण येतं?

पाणीवाले काका: गराडू थंडीतच. महिना लिहा.

सेक्रेटरी: 'दिवसाआड येतं तरी' हे काढावं. बाहेरच्यांसमोर घरचं रडगाणं नको.

बी-३०४: तेच तर खरं आहे काका.

सेक्रेटरी: मतदान घेतो.

(मतदान: पत्र पाठवावे, १४. पत्र नको, २. नर्मदेची वेळ परत ६ करावी, २३. तिसरा पर्याय कोणी घातला ते अजून कळलेलं नाही.)

सेक्रेटरी: पत्र मंजूर. वेळेचा विषय वेगळा, पुढच्या मीटिंगला.

तात्या: पत्रातून नुसते शब्दच जाणार. गाणाऱ्यांना मागायचं तर गाऊन मागावं. माई, तुमच्या आजी म्हणायच्या ते निमाडी गाणं येतं का अजून?

माई: येतं थोडं. पण कफ झालाय.

तात्या: कुमार एका फुप्फुसावर गायले. कफाचं काय सांगता.

(माईंचा व्हॉइस नोट, १ मिनिट ४२ सेकंद.)

धाकटी: माई...

बी-३०४: हा कोणी डिलीट करू नका. प्लीज. पत्राबरोबर हाच पाठवायचा.

पाणीवाले काका: नर्मदा आली. ८.१०. फोर्स कमी आहे, सगळ्यांनी एकदम मोटरी लावू नका.

माई: थांबा रे, तो पाठवू नका. मधे कुकरची शिट्टी आली आहे. गॅस बंद करून परत म्हणते.