सीनियर पासआउट झाले की प्रोजेक्ट परत शून्यावर, तुमच्या कॉलेजमध्ये हे कसं सांभाळता?

चाक_आणि_चेसी

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, कॉलेजच्या इलेक्ट्रिक रेस कारच्या टीममध्ये सेकंड इयरपासून काम करतोय. आमचं युनिव्हर्सिटीचं कॉलेज आहे, त्यामुळे लॅब, वर्कशॉप, पीएचडी करणारे लोक सगळं एकाच कॅम्पसमध्ये आहे, सोय नाही अशी तक्रार अजिबात नाहीये. पण दरवर्षी एकच होतं, फायनल इयरची बॅच बाहेर पडली की त्यांच्याबरोबर सगळं डोकं पण बाहेर पडतं. फाईल्स ड्राइव्हवर असतात, पण कशाला काय लागू आहे ते कळायलाच अर्धी सेमिस्टर जाते.

यावर्षीचं सांगतो. बॅटरी बॉक्स ज्या अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर बसतो त्याची प्लेट उगाच जाड दिसत होती, सिम्युलेशनमध्ये भरपूर मार्जिन, म्हणून वजन कमी करायला टीमने ती पातळ केली. टेस्टिंगनंतर गाडी उघडली तर बेंडच्या आतल्या बाजूला, बोल्टच्या भोकापाशी केसासारखी बारीक चीर. एका सीनियरला फोटो पाठवला तर म्हणाला, अरे हे आमच्या वेळी पण झालेलं, म्हणून तर जाड केली ना. त्यांच्या रिपोर्टमध्ये जाडीचा आकडा आहे, का ते कुठेच नाही.

मला खरंच जाणून घ्यायचंय की हे कुठे नीट चालतं. आणि दुसरं म्हणजे आमच्याच डिपार्टमेंटमध्ये मटेरियलवर रिसर्च चालतो, पण टीमचा आणि त्यांचा काहीच संबंध येत नाही. माजी विद्यार्थी पण मोठमोठ्या जागी आहेत, वर्षातून एकदा येतात, सत्कार होतो, भाषण होतं, फोटो निघतो आणि जातात. या तीन गोष्टी एकमेकांना जोडायच्या तर सुरुवात कुठून करायची?

कक्षा_६००

मी कॉलेजात असताना सॅटेलाइट टीममध्ये होतो, आता नोकरी करतो. तुझा प्रॉब्लेम इतका जुना आहे की क्यूबसॅट (ठरलेल्या छोट्या मापाचा सॅटेलाइट) जन्माला यायचं एक मोठं कारणच तो आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर बॉब ट्विग्ज विद्यार्थ्यांकडून सॅटेलाइट बनवून घ्यायचे, पण काम इतकं लांबायचं की सुरू करणारी मुलं डिग्री घेऊन निघून जायची आणि सॅटेलाइट जमिनीवरच. मग १९९९ मध्ये त्यांनी आणि कॅल पॉली युनिव्हर्सिटीच्या जॉर्डी पुइग-सुआरी यांनी मापच बांधून टाकलं, १० सेंटिमीटरचा घन आणि वजन सुरुवातीला १ किलोच्या आत. ते माप सुचलं कशावरून तर छोटी सॉफ्ट टॉइज ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यावरून. डबा लहान असला की त्यात कोणी हौसेने आणखी चार गोष्टी कोंबू शकत नाही, म्हणजे शिकता शिकता पूर्ण होईल एवढंच काम हातात घेतलं जातं. मला हा विचार फार आवडतो.

आता उलट उदाहरण बघ. आयआयटी बॉम्बेच्या विद्यार्थ्यांचा सॅटेलाइट 'प्रथम' २००७ मध्ये सुरू झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ रॉकेटवरून गेला. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा 'स्वयम्' त्याच वर्षी २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, त्यामागे पण बरीच वर्षं होती. म्हणजे ज्यांनी पहिलं स्केच काढलं ते लाँचच्या वेळी कॉलेजात नव्हतेच, मधल्या कितीतरी बॅचेसनी ते एकमेकांच्या हातात दिलं. 'स्वयम्'चं एक डिझाइन डिसिजन आवर्जून बघण्यासारखं आहे. सॅटेलाइटची दिशा स्थिर ठेवायला त्यांनी कायमचे चुंबक आणि हिस्टेरेसिसच्या कांड्या (डोलणं हळूहळू शांत करणाऱ्या खास धातूच्या कांड्या) वापरल्या, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी ते आपोआप जुळतं, पॉवर लागत नाही, फिरणारा भाग नाही. असं साधं डिझाइन पुढच्या बॅचला समजायलाही सोपं जातं.

आता तुझ्या कामाचं. रिपोर्ट वाढवू नका, त्याला कोणी हात लावत नाही. प्रत्येक पार्टमागे एक पान ठेवा आणि त्यावर फक्त कारणं. तुमच्याच ब्रॅकेटचं पान असं होईल: "प्लेट जाड का, आधीच्या पातळ प्लेटला बेंडच्या आत भोकाजवळ चीर गेली होती, फोटो इथे, किती चालवल्यावर दिसली ते इथे. भोक बेंडपासून लांब नेता येतं का हे आम्ही तपासलेलं नाही. पातळ करायची असेल तर आधी व्हायब्रेशन टेस्ट." बास. यात सगळ्यात मोलाचं वाक्य 'तपासलेलं नाही' हे आहे, कारण पुढच्या बॅचचं काम तिथून सुरू होतं.

लॅब_तिसरा_मजला

मी शिकवतो, मटेरियल्समध्ये माझा रिसर्च आहे. प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण ज्या चिरेने तुम्हाला त्रास दिला ती म्हणजे आयता रिसर्च प्रॉब्लेम आहे.

तुमच्या सिम्युलेशनमध्ये मार्जिन दिसलं ते बहुतेक स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या लोडवर. पण वारंवार कमीजास्त होणाऱ्या लोडखाली धातू यील्ड स्ट्रेंग्थच्या (ज्या ताणाला तो कायमचा वाकायला लागतो त्याच्या) बराच खाली असताना पण तुटतो, फटीग म्हणतात ते हेच. त्यात अॅल्युमिनियमला स्टीलसारखी स्पष्ट एंड्युरन्स लिमिट (ज्याच्या खाली कितीही सायकल्स झाल्या तरी चीर येत नाही अशी मर्यादा) नसते, लोड थोडा असला तरी सायकल्स वाढत गेल्या की कधीतरी चीर येणारच असं धरून चालावं लागतं. शिवाय रुंद प्लेटला गोल भोक असेल आणि ती ओढली तर भोकाच्या कडेला ताण सरासरीच्या साधारण ३ पट होतो, आणि बेंड करताना धातूच्या आत अडकून राहिलेला ताण, म्हणजे रेसिड्युअल स्ट्रेस, वेगळाच. भोक बेंडला चिकटून असेल तर सगळं एका जागी गोळा होतं. तुमची चीर नेमकी तिथेच आली यात मला आश्चर्य वाटत नाही.

आता सरांकडे जायचं कसं ते सांगतो. "सर मला रिसर्च करायचाय" म्हणून येणाऱ्या मुलाला काय द्यावं हे आम्हालाही पटकन सुचत नाही. तीच मुलगी किंवा मुलगा तुटलेला तुकडा हातात घेऊन आला की आम्ही खुर्ची ओढून बसतो. तुटलेला पृष्ठभाग पुसू नका, बोटं लावू नका, कागदात गुंडाळून तसाच आणा, कारण चीर कुठून सुरू झाली हे मायक्रोस्कोपखाली त्याच पृष्ठभागावर वाचता येतं. पीएचडी करणाऱ्यांपैकी कोणाकडे तरी शेकर (पार्ट हलवून बघायचं मशीन) किंवा फटीग मशीन असेल, त्यांना खऱ्या गाडीवरचा लोडचा डेटा हवाच असतो, तुम्ही ब्रॅकेटवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारा सेन्सर) लावून तो देऊ शकता. दोघांचं काम होतं.

विद्यार्थ्याच्या हातून मोठं काम होत नाही असं कोणी म्हणालं तर अमेरिकन इंजिनिअर क्लॉड शॅननचं सांगा. १९३७ चा त्याचा मास्टर्सचा थीसिस, एमआयटीत. तो तिथले प्रोफेसर व्हॅनेव्हर बुश यांच्या डिफरन्शियल अॅनालायझरवर (गणितं सोडवणाऱ्या मोठ्या मशीनवर) काम करत होता, त्या मशीनच्या कंट्रोलमधले रिले (विजेवर चालणारे स्विच) बघता बघता त्याच्या लक्षात आलं की मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकलेला बूलियन अल्जिब्रा (फक्त खरं आणि खोटं यांचं गणित) इथे तंतोतंत बसतो. डिजिटल सर्किट डिझाइनचा पाया तिथे घातला गेला. मशीन प्रोफेसरांचं होतं आणि प्रश्न त्याला रोज हाताखालच्या रिलेत दिसत होता, हे जुळून आलं म्हणून झालं.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नल्सच्या नादी लागू नका, पुढे अॅडमिशनच्या वेळी ते उलट अंगावर येतं. आणि 'पेटंट पब्लिश झालं' म्हणजे पेटंट मिळालं असं नसतं. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, तपासणी होऊन ग्रांट होणं ही पुढची गोष्ट आहे. खरंच नवीन काही सापडलं असेल तर स्पर्धेत दाखवायच्या आधी फाईल करा, कारण बऱ्याच देशांत आधी जाहीर केलेल्या गोष्टीला नंतर पेटंट मिळत नाही.

पिटलेन

वरचं सगळं पटतं पण एक बाजू सुटतेय असं वाटतं. सगळं जपून ठेवायच्या नादात टीम जुनीच गाडी परत परत बनवते, हे पण मी बघितलंय. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेज टीम्सच्या रेस कार स्पर्धेत १००० पैकी १५० मार्क डिझाइनला असतात आणि जज लोक गाडीसमोर उभं करून हे असं का केलं, दुसरं काय तपासलं असं खोदून खोदून विचारतात. 'सीनियर्सनी केलं होतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

नेदरलँड्सच्या डेल्फ्ट युनिव्हर्सिटीची सोलर टीम बघा. ऑस्ट्रेलियात डार्विन ते अॅडलेड साधारण ३००० किमीची जी सोलर रेस होते, त्यात त्यांची गाडी नूना २००१ ला पहिल्यांदा उतरली आणि जिंकली, मग २००३, २००५, २००७ पण. आणि दरवेळी टीम नवीन, गाडी नवीन. पोरं अभ्यास बाजूला ठेवून पूर्णवेळ त्यावर काम करतात आणि जुने लोक सल्ल्याला असतात, स्टिअरिंग मात्र नव्यांच्या हातात. पुढे जपानच्या टोकाई युनिव्हर्सिटीने त्यांना २००९ आणि २०११ ला हरवलं, २०१९ ला तर पुढे असताना शेवटच्या दिवशी गाडीला आग लागून रेस हातची गेली, तरी त्यांनी पुढच्या वेळी उतरणं सोडलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झ्युरिक आणि लुसर्नच्या पोरांची इलेक्ट्रिक गाडी ० ते १०० किमी ०.९५६ सेकंदात गेली, इलेक्ट्रिक गाड्यांचा जागतिक विक्रम झाला, जेमतेम १२.३ मीटर अंतरात. अशी गाडी जुन्या ड्रॉइंगला धरून बसल्याने बनत नाही, पण एका वर्षात शून्यातून पण बनत नाही. माझं म्हणणं एवढंच की दरवर्षी गाडीतली एकच मोठी सिस्टिम मुळापासून नवीन करा आणि बाकीच्यांना हात लावायचा तर कारण वाचूनच लावा.

रेखा_आणि_रिव्हिट

मी माजी विद्यार्थिनी, विमानाच्या पार्ट्सच्या डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे सत्कारवाल्या मुद्द्यावर बोलते. आम्हाला बोलावतात, आम्ही येतो, आमचा प्रवास सांगतो. आम्हाला खरंच द्यायचं असतं ते राहूनच जातं, कारण कोणी नेमकं विचारतच नाही.

माजी विद्यार्थ्यांचं नाव मोठं झालं की कॉलेज म्हणतं आमचा विद्यार्थी, आणि म्हणावंच, पण नातं आधी जोडलेलं असलं तर त्यातून जास्त काही होतं. स्टॅनफर्डचे प्रोफेसर फ्रेड टर्मन यांनी आपला जुना विद्यार्थी डेव्हिड पॅकर्डला जनरल इलेक्ट्रिकच्या नोकरीतून १९३८ मध्ये परत स्टॅनफर्डला आणलं, बिल ह्युलेट तिथेच होता. ह्युलेटचा ऑसिलेटर (ठराविक सिग्नल तयार करणारं सर्किट) त्याच्या कॉलेजातल्या कामातूनच आला, त्यात आउटपुट स्थिर ठेवायला त्याने एक छोटा साधा बल्ब टाकला होता, सिग्नल वाढला की फिलामेंट तापतं, रेझिस्टन्स वाढतो आणि सर्किट स्वतःला आवरतं. इतकं सुंदर सोल्यूशन मी क्वचित बघितलंय. १९३९ ला दोघांची ह्युलेट-पॅकर्ड (एचपी) कंपनी सुरू झाली. जर्मनीतल्या म्युनिकचं पण तसंच, तिथे 'वार' नावाची विद्यार्थ्यांची रॉकेट संघटना १९६२ पासून आहे, तिच्यातली मुलं बाहेर पडली आणि २०१८ मध्ये ईसार एरोस्पेस ही रॉकेट बनवणारी कंपनी काढली. पिढ्यानपिढ्या चालणारी टीम आधी होती, कंपनी नंतर झाली.

तू असं कर. ज्या माजी विद्यार्थ्यांचं काम तुमच्या एखाद्या सिस्टिमशी जुळतं त्यांनाच मेल टाक, सगळ्यांना एक मेल नको. 'मार्गदर्शन करा' लिहू नकोस. एक ड्रॉइंग, चिरेचा फोटो आणि दोन प्रश्न पाठव, बेंड रेडियस पुरेसा आहे का आणि भोक कुठे सरकवाल. अशा मेलला मी रात्री जेवण झाल्यावर बसून उत्तर देईन, आणि माझ्यासारखे बरेच देतील. वर्षातून दोनदा रिव्ह्यू ठेवा, एक ड्रॉइंग फ्रीझ, म्हणजे फायनल करायच्या आधी आणि एक टेस्टिंगनंतर. सत्कार त्याच दिवशी संध्याकाळी करा, आम्हाला चालेल.

चाक_आणि_चेसी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सर, तुकडा टूलबॉक्समध्येच आहे, कोणी पुसलेला नाही, उद्याच तो घेऊन डिपार्टमेंटला जातो. ताई, दोन सीनियर्सची नावं काढली, एकजण प्रेस टूलमध्येच, म्हणजे पत्रा कापायच्या-वाकवायच्या साच्यांच्या कामात आहे. एकच शंका राहिली, ती कारणांची पानं लिहायची कोणी? परीक्षा आणि सबमिशन आलं की फायनल इयरवाले गायब होतात आणि शेवटी लिहू म्हणता म्हणता राहून जातं.

कक्षा_६००

शेवटी लिहायचं ठेवलंस तर कधीच होणार नाही. आमच्याकडे नियम असा होता की पान भरल्याशिवाय ड्रॉइंग वर्कशॉपला जात नाही. आणि पान ज्याने पार्ट केला त्याने लिहायचं नाही, सेकंड इयरच्या मुलाने त्याला विचारून विचारून लिहायचं, डिझाइन करणाऱ्याने वाचून फक्त सही करायची. नव्या मुलाला जे कळलं नाही ते तो विचारतोच, त्यामुळे 'हे तर सगळ्यांना माहितीये' म्हणून सुटणाऱ्या गोष्टी पण कागदावर येतात. ब्रॅकेटच्या पानापासून याच आठवड्यात सुरू करा, चीर ताजी आहे तोवर सगळ्यांना सगळं आठवतंय.