शब्दचर्चा : स्नायू, कंडरा, अस्थिबंध आणि सगळीकडे धावून येणारी ‘शीर’

प्रश्न

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी करायच्या व्यायामांची एक पुस्तिका मराठीत आणतो आहे. मूळ मजकुरात मसल, टेंडन (मसल हाडाला जोडणारा दोर), लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा), कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) आणि फॅशिया (मसलला गुंडाळणारा पडदा) हे पाच शब्द पानोपानी येतात. मसलसाठी मी सरळ ‘स्नायू’ लिहिले. ओळखीच्या एका वैद्यांनी ते खोडले. त्यांचे म्हणणे, स्नायू म्हणजे लिगामेंट. मसलला ‘पेशी’ म्हणा. दुसऱ्या एकांनी ‘मांसपेशी’ सुचवले. टेंडनसाठी तर कंडरा, स्नायुरज्जू, स्नायुबंध असे तीन शब्द सापडले. रुग्णाला वाचून कळले पाहिजे आणि शब्द चुकीचाही नको. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

उत्तर

वैद्यबुवा त्यांच्या ग्रंथांच्या हिशेबाने बरोबर आहेत, पण तुमची पुस्तिका आजच्या मराठीत आहे. तेव्हा ‘स्नायू’ खोडू नका.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या घटकांची मोजदाद आहे. तिथे पेशी 500, स्नायू 900, संधी 210, सिरा 700, कंडरा 16 आणि हाडे 300 सांगितली आहेत. त्या यादीतली ‘पेशी’ म्हणजे मांसाचा वेगळा काढता येणारा भाग, म्हणजे आपण ज्याला मसल म्हणतो तो. ‘स्नायू’ म्हणजे बांधणारा चिवट धागा किंवा पट्टा. सुश्रुताने त्याचे चार प्रकार केले आहेत : प्रतानवती, म्हणजे फाटे फुटलेले, वृत्त, म्हणजे गोल, पृथू, म्हणजे रुंद, आणि शुषिर, म्हणजे पोकळ. दृष्टान्त नावेचा दिला आहे. फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट बांधलेल्या असल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसे सांध्यांवर स्नायूंचे बंध आहेत म्हणून माणसाचे शरीर भार पेलते. पुढे तो असेही म्हणतो की हाडे, पेशी, सिरा किंवा सांधे दुखावल्याने होत नाही एवढी हानी स्नायू दुखावल्याने होते. गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटलेल्या कुणालाही हे वाक्य पटेल.

मात्र या 900 स्नायूंना आजचा एकच एक शब्द बसत नाही. प्रकारांची वर्णने पाहिली तर त्यांत लिगामेंट आहे, टेंडनचाही काही भाग आहे आणि रुंद पडद्यांसारख्या रचनाही आहेत. त्यामुळे ‘स्नायू म्हणजे लिगामेंट’ हे समीकरणसुद्धा अर्धेच खरे आहे.

शब्दाचा पुढचा प्रवास भाषेगणिक वेगळा झाला. मराठी, गुजराती आणि कन्नडमध्ये स्नायू म्हणजे मसल. बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी रुळला, इतका की शीतयुद्धाला तिथे ‘स्नायुयुद्ध’ म्हणतात. हिंदीतल्या पारिभाषिक शब्दावलीत तो लिगामेंटसाठी आहे. हा गोंधळ आपल्याकडेच झाला असेही नाही. ग्रीकमधला ‘न्यूरॉन’ स्नायूच्याच कुळातला. त्याचा जुना अर्थ शरीरातला चिवट दोर असा होता. नर्व्हचा अर्थ नंतर चिकटला. सपाट, पसरट टेंडनला आजही ‘ॲपोन्यूरोसिस’ म्हणतात. त्यातल्या ‘न्यूरो’चा चेतातंतूंशी काही संबंध नाही, तो जुन्या अर्थाचा उरलेला अवशेष आहे.

आता ‘पेशी’. मराठीत शाळकरी मुलालाही पेशी म्हटले की सेल आठवतो : तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, पेशीभित्तिका. मसलला पेशी म्हटले तर स्नायूच्या पेशीला काय म्हणणार? ‘पेशीची पेशी’? मराठीतला ‘स्नायुपेशी’ हा शब्द नेमका आहे, त्याला धक्का लावू नये. ‘मांसपेशी’ही त्याच कारणाने नको. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात, म्हणून तिथे मांसपेशी निर्धोक आहे. मराठीत मात्र वाचकाला ती ‘मांसातली पेशी’ वाटते. अलीकडे जाहिरातींच्या आणि योगवर्गांच्या भाषेतून हा शब्द आपल्याकडे फार शिरतो आहे. तो मला मनापासून खटकतो, कारण आपल्याकडे स्वतःचा शब्द आहे आणि तो सर्वांना कळतो.

टेंडनसाठी ‘कंडरा’ घ्यावा. जुना आहे, छोटा आहे, दुसऱ्या कशाशी त्याचा घोटाळा होत नाही. ‘स्नायुरज्जू’ समजायला सोपा आहे, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर’ असे एकदा सांगून टाकावे. ‘स्नायुबंध’ मात्र टाळा. तो स्नायूचा बंध आहे की स्नायूसारखा बंध, हे शब्दावरून कळत नाही. वाचणारा त्याचा अर्थ टेंडन असाही घेईल आणि लिगामेंट असाही. लिगामेंटला ‘अस्थिबंध’ : हाडाला हाडाशी बांधणारा. हा शब्द स्वतःच अर्थ सांगतो.

आणखी एक मत

व्यायामोपचाराच्या क्षेत्रात काम करते. वरचे सगळे मान्य आहे, पण समोर बसलेला माणूस यातला एकही शब्द बोलत नाही. तो म्हणतो ‘शीर’. शीर आखडली, शीर ताणली, शीर दबली, शिरेवर शीर चढली. पोटरीत पेटका आला तरी शीर, पाठीच्या मणक्यात चेता (नर्व्ह) दबली तरी शीर, सुई टोचायची तीही शीर, आणि टाचेमागची ती तर ‘घोडशीर’च. तुमच्या पुस्तिकेत कंडरा आणि अस्थिबंध आले की वाचणारा त्या ओळी ओलांडून पुढे जाईल. मग ‘शीर’च का नको?

उत्तर

तुमचा अनुभव मोलाचा आहे. बोलण्यात ‘शीर’ला पर्याय नाही आणि रुग्णाला त्यावरून टोकूही नये. पण याच पुस्तिकेतले एक वाक्य घ्या. गुडघ्यातला पुढचा क्रूसाकृती अस्थिबंध तुटला की अनेकदा मांडीच्या मागच्या स्नायूंची कंडरा काढून त्या जागी बसवतात. ‘शीर’ वापरून हे सांगायचे तर ‘तुटलेल्या शिरेच्या जागी दुसरी शीर बसवली’ असे होईल. रुग्णाला वाटेल, रक्तवाहिनी बदलली. शिवाय मुद्द्याची गोष्ट हातून निसटते. कंडरेला अस्थिबंधाचे काम शिकायला, म्हणजे तिची आतली रचना बदलून नव्या कामाला जुळायला, महिनोन् महिने लागतात. दुखणे थांबले, सूज उतरली, म्हणून माणूस पळायला लागतो आणि नवे बसवलेले पुन्हा तुटते. म्हणून लिहिताना शब्द वेगळे हवेत.

तिन्हींच्या भरून येण्यातही फरक आहे. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तो लवकर सावरतो. कंडरा आणि अस्थिबंध यांच्यात कोलॅजनचे तंतू दाटीने आणि रक्तवाहिन्या थोड्या, म्हणून त्यांना वेळ लागतो. कूर्चेत, म्हणजे कार्टिलेजमध्ये, तर रक्तवाहिन्या नसतातच; तिची झीज आपोआप भरून येण्याची आशा फार थोडी.

रुग्णाला फरक कसा दाखवायचा, यासाठी एक सोपी गोष्ट सांगते. उजव्या हाताचा पंजा डाव्या हाताच्या मनगट ते कोपर या भागावर, आतल्या बाजूने ठेवायचा आणि डाव्या हाताची बोटे मिटून उघडायची. बोटे हलतात तिकडे, पण तळव्याखाली मांस सरकते ते कोपराजवळ. बोटांच्या आत त्यांना वाकवणारे स्नायू नाहीत. ते हाताच्या पुढच्या भागात आणि तळहातात आहेत, बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त कंडरा. आता पंजा पालथा करून बोटे वर ताणायची. मनगटापासून बोटांच्या मुळांकडे पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या ताठ दोऱ्या उठतात. त्या कंडरा. त्यांच्या आजूबाजूला निळसर, दाबल्या की दबणाऱ्या, वळणे घेत जातात त्या शिरा. एकदा हे बोटाने चाचपून पाहिले की ‘कंडरा’ हा शब्द अवघड राहत नाही.

अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित दुमडले की मनगटाच्या आतल्या बाजूला मध्यभागी एक बारीक दोरी ठळक दिसते. काहींच्या हातात ती मुळात नसतेच आणि तिच्यावाचून पकडीत फारसा फरक पडत नाही. रुग्ण घाबरतात, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

‘घोडशीर’ मात्र मी पुस्तिकेत नक्की ठेवीन. पोटरीचे दोन मोठे स्नायू ज्या एका कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले आहेत, ती शरीरातली सर्वांत जाड कंडरा. तिला इतके नेमके देशी नाव असताना अकिलीस या ग्रीक वीराच्या नावाने ओळखायची गरज नाही. ‘घोडशीर, म्हणजे टाचेमागची कंडरा’ असे लिहावे.

मूळ प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. एक अडचण उरली. गुडघ्याच्या वाटीखालचा जो जाड पट्टा आहे, त्याला मूळ मजकुरात एका पानावर टेंडन आणि दुसऱ्या पानावर लिगामेंट म्हटले आहे. ही छापण्यातली चूक समजू का? आणि कार्टिलेजला ‘गादी’ चालेल का?

उत्तर

चूक नाही, दोन्ही नावे प्रचलित आहेत. वाटी हे स्वतंत्र हाड असले तरी ते मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेतच तयार होते. वाटीच्या वर ती कंडरा स्नायूकडे जाते, खाली नडगीच्या हाडाला जाऊन मिळते. खालचा भाग पाहिला तर हाडापासून हाडापर्यंत, म्हणून लिगामेंट. काम पाहिले तर स्नायूची ओढ पोचवण्याचे, म्हणून टेंडन. तुम्ही ‘वाटीखालची कंडरा’ हेच एक नाव सगळीकडे ठेवा, कारण व्यायाम सांगताना तिचे कामच महत्त्वाचे आहे.

‘गादी’ला माझा विरोध आहे. मराठीत गादी तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतात : मणक्यांमधली चकती, गुडघ्यातली चंद्रकोरीच्या आकाराची मेनिस्कस, आणि हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण. तुमच्या मजकुरात यातले शेवटचे म्हणजे कार्टिलेज. त्याला ‘कूर्चा’ म्हणावे. शालेय पुस्तकांत ‘कास्थी’ भेटते. तेही चालेल, पण वाचताना ‘अस्थी’शी गल्लत होते. आयुर्वेदातला ‘तरुणास्थी’ मला फार आवडतो. नाक, कान, गळा आणि पापण्या इथली लवचीक हाडे असे त्याचे वर्णन आहे. पण वयस्कर रुग्णाला ‘तुमची तरुणास्थी झिजली’ असे सांगणे विचित्र वाटेल. (सुश्रुताचा ‘कूर्च’ हा वेगळा शब्द आहे, त्याचा कार्टिलेजशी संबंध जोडू नये.)

त्याच ओघात ‘वंगण संपले’ हा बोलही तपासून घ्या. सांध्यातला वंगणाचा द्रव क्वचितच ‘संपतो’. सुजलेल्या गुडघ्यात तो उलट वाढलेला असतो. झिजलेली असते ती कूर्चा. वंगण संपले असे ऐकलेला माणूस हालचाल बंद करतो. पण कूर्चेला तिचे पोषण त्या द्रवातूनच मिळते आणि सांधा हलता राहिला, त्यावर दाब पडत-सुटत राहिला, तरच द्रव तिच्यात नीट खेळतो. इथे शब्दामुळे उपचारालाच बाधा येते.

फॅशियाला ‘प्रावरणी’. स्नायूंना गुंडाळणारा, त्यांना एकमेकांपासून वेगळे राखणारा संयोजी ऊतीचा पडदा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ती इतकी जाड होते की पट्ट्यासारखी हाताला लागते. बोलीत तिला नाव नाही, त्यामुळे इथे नवा शब्द शिकवण्यावाचून इलाज नाही.

आणखी एक मत

दुखापतींच्या क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. मराठी इथे श्रीमंत आहे. पाय मुरगळतो, तेव्हा बहुधा घोट्याचा अस्थिबंध ताणलेला असतो. कंबरेत उसण भरते, तेव्हा स्नायू आकसलेला असतो. पोटरीत गोळा येतो किंवा वांब येतो. मान अवघडते. खांदा निखळतो. चमक भरते आणि निघून जाते. हाड मोडते, पण पूर्ण तुटले नाही तर पिचते. ‘स्नायूला इजा झाली’ असे सरसकट लिहिण्यापेक्षा ही क्रियापदे वापरली तर रुग्ण आपली तक्रार लगेच ओळखतो. दंडाची ‘बेटकुळी’ तर तुमच्या खांद्याच्या व्यायामांत यायलाच हवी. आणि ‘ढोपर’ लिहिणार असाल तर जपून : कुणी त्याचा अर्थ गुडघा घेतात, कुणी कोपर.

उत्तर

ढोपराचा इशारा महत्त्वाचा, पुस्तिकेत ‘गुडघा’च राहू द्या.

लेखनाबद्दल दोन गोष्टी. सुटा शब्द ‘स्नायू’, दीर्घ. समासात पहिला आला की ऱ्हस्व : स्नायुपेशी, स्नायुसंस्था. तसेच अस्थी पण अस्थिबंध, संधी पण संधिवात. ‘कंडरा’ स्त्रीलिंगी : कंडरा तुटली, कंडरेला सूज, कंडरांचे व्यायाम. ‘अस्थिबंध’ पुल्लिंगी.

‘हाड’ आणि ‘अस्थी’ यांत, जिवंत माणसाविषयी लिहिताना सुटा शब्द ‘हाड’च असावा. ‘तुमच्या अस्थी बळकट होतील’ हे वाचून मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो. समासात ती छटा राहत नाही, म्हणून अस्थिबंध, अस्थिभंग, अस्थिमज्जा निर्धास्तपणे लिहावे.

‘मज्जा’ आली म्हणून : ‘मज्जातंतू’ हा नर्व्हचा जुना मराठी शब्द अजून वाचनात येतो, पण त्याच पानावर अस्थिमज्जा असेल तर दोन्हींची गाठ पडते. तिथे ‘चेता’ आणि ‘चेतातंतू’ बरे.

शेवटी, तुमच्या मजकुरात ‘टेंडिनायटिस’ असेल तर त्याला ‘कंडरादाह’ करण्याआधी संदर्भ पाहा. फार दिवस रेंगाळलेल्या दुखण्यात पुष्कळदा दाह नसून तंतूंची घडण बिघडलेली असते. तिथे ‘कंडरेचे जुने दुखणे’ असे साधे लिहिले तर रुग्ण सूज उतरण्याची वाट पाहत बसणार नाही आणि सांगितलेला व्यायाम सुरू करील.