येझदीचं सिलिंडरखालचं पॅकिंग (गॅस्केट) घरी कापायचंय, जाडी किती ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांची येझदी रोडकिंग आहे, कंपनी १९९६ला बंद झाली तेव्हापासून पार्टसाठी कायम फिराफिर. गाडी दोन वर्षं जिन्याखाली उभी होती, आता मी मनावर घेतलंय कारण बाबांना एकदा तिच्यावरून वणीला गडावर जायचंय आणि त्यांचे गुडघे बघता हे पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

आधी डाव्या साइडच्या कव्हरमधून ऑइल गळत होतं, चेन आणि क्लच असतो तिकडून. बाजारातून तयार पॅकिंगचा सेट आणला तर दोन भोकं जागेवर बसेनात आणि कागद इतका पातळ की हातातच फाटला. मग लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचं कापून बघितलं, पंधरा दिवसांत ऑइल पिऊन फुगलं आणि परत थेंब सुरू. शेवटी सातपूर एमआयडीसीच्या बाजूला एका दुकानात ऑइल पेपरची शीट मिळाली, ०.५ आणि ०.८ मिमी अशा दोन्ही जाडीची घेऊन ठेवली.

कापायची पद्धत एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवली. आधी समोरासमोरची दोन बोल्टची भोकं पाडायची आणि त्यात बोल्ट अडकवायचे म्हणजे शीट सरकत नाही. भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून वरून हलका ठोका दिला की गोल टिकली स्वच्छ कापून निघते, पंचची गरजच नाही. बाहेरची कड ते बॉलपीन हातोडीने टकटक करून काढतात पण माझा हात तेवढा हलका नाही, अॅल्युमिनियमच्या कडेला खाच पडली तर तिथूनच गळणार, म्हणून मी कव्हरला ग्रीसचा पातळ हात फिरवून शीटवर छाप घेतला आणि कटरने कापलं. महिना झाला, एक थेंब नाही.

आता खरी अडचण. सिलिंडर काढलाय, खालचं जुनं पॅकिंग तुकड्यातुकड्यात निघालं, त्यातला बरा तुकडा व्हर्नियरने मोजला तर ०.४ भरतो. पण तो इतकी वर्षं दाबला गेलेला, मुळात किती असेल? टू स्ट्रोक असल्यामुळे इथे अंदाजाने चालणार नाही, ०.८ घातलं तर सिलिंडर तेवढा वर उचलला जाणार, म्हणजे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) उघडायचं टायमिंग बदलणार आणि कॉम्प्रेशनही थोडं पडणार. माझा कल ०.५ कडे आहे पण भीती अशी की क्रँककेसचा (सिलिंडरखालच्या इंजिनच्या पेटीचा) फेस, म्हणजे सिलिंडर टेकतो ती सपाट बाजू, कुठे वाकलेला असेल तर पातळ कागद ते भरून काढणार नाही, मग क्रँककेस बाहेरची हवा खेचणार, मिश्रण लीन होणार (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या पुढे चढाला पिस्टन जाम. मागे बाबा बसलेले असताना मला ते नकोय.

म्हणून विचारतोय, ज्यांनी स्वतः येझदी किंवा जावाचा सिलिंडर बसवलाय त्यांनी कोणती जाडी घातली? फेस सपाट आहे का हे घरी कसं तपासता, मी काच आणि बारीक पॉलिश पेपरचा विचार करतोय पण तो सिलिंडरच्या फेसला चालेल, केसमध्ये तर स्टड उभे आहेत. आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावायचं का कोरडंच बसवायचं? एक जण म्हणाला भरपूर लाव, मला पटत नाही, साधं सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकत नाही आणि आत सुटलेला तुकडा थेट ट्रान्सफर पोर्टमध्ये, म्हणजे क्रँककेसमधून मिश्रण वर नेणाऱ्या वाटेत जाईल. पोर्टच्या खिडक्या मी पॅकिंगमध्ये मिलिमीटरभर मोठ्या कापणार आहे, कागद आत डोकावायला नको म्हणून, हे बरोबर आहे ना?

हेडच्या पॅकिंगला कागद चालत नाही हे माहीत आहे. त्यासाठी भांडी बाजारातून तांब्याचा पत्रा आणून, कापून, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवून मऊ करायचा विचार आहे, पण ते सिलिंडर बसल्यावर.

नाशकात कोणी जवळपास असाल आणि येऊन एकदा फेस बघणार असाल तर फार बरं होईल, मी इंदिरानगरला असतो, रविवारी दिवसभर घरीच आहे.