सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ: मराठीत काय म्हणावं?

स्वरलिपी: घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहायच्या आहेत. 'नमुना-वारंवारता' आणि 'बिट-खोली' चालतील का? आणि बिट रेटला काय म्हणायचं?

खर्ज: 'वारंवारता' नकोच. तो शब्द ध्वनीच्या हर्ट्झसाठी रुळलेला आहे, त्यामुळे ४८ किलोहर्ट्झ वाचून तेवढ्या उंचीचा ध्वनी नोंदला जातो असा समज होतो. खरं तर आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो आणि त्याच्या निम्म्याच्या, २४ किलोहर्ट्झच्या, आतलाच ध्वनी टिकतो. कानाची मजल २० पर्यंत, म्हणून ते पुरतं. निम्म्यापलीकडचं आधी गाळलं नाही तर ते भलत्याच स्वरात खाली उतरतं: सेकंदाला ४४,१०० वेळा (४४.१ किलोहर्ट्झ) मोजताना ३० किलोहर्ट्झचा ध्वनी शिरला की १४.१ चा ध्वनी उमटतो. 'नमुना-दर' लिहा, दर सेकंदाला किती, हे त्या शब्दातच आहे.

मात्रा: 'खोली' दोनदा फसवते. 'बंद खोलीत रेकॉर्ड करा' ही सूचनाही तुमच्या त्याच पानावर असणार. शिवाय २४ बिटने खालचे सूर भारदस्त येतील असं वाटतं, आणि तसं काही होत नाही. बिट वाढले की आवाजाच्या जोराची मोजणी बारीक होते: १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या, २४ ला १,६७,७७,२१६. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातलं अंतर ९६ आणि १४४. हे १४४ कागदावरचे. उत्तम कन्व्हर्टरही (आवाजाचे आकडे करणारा भाग) १२० च्या आसपास थांबतात. तरीही फायदा मोठा आहे. सर्वांत जोरकस तान शून्याच्या, म्हणजे नोंदता येणाऱ्या कमाल पातळीच्या, १२ डेसिबल खाली राहील इतका गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवता येतो: आवाज फाटत नाही, आणि मंद्रातली आलापी मोजणीच्या खरखरीत बुडत नाही. साधा 'बिटसंख्या' शब्द घ्या.

स्वरलिपी: 'पायऱ्या' म्हटल्यावर आवाजही पायऱ्यापायऱ्यांचा निघतो असं नाही ना वाटणार?

मात्रा: वाटतं, म्हणून पुढचं वाक्य लगेच लिहा: स्पीकरकडे जाताना फिल्टरमधून लहर पुन्हा सलग होते.

खर्ज: बिट रेट म्हणजे गुणाकार. ४८,००० × २४ × २ चॅनेल = सेकंदाला २३,०४,००० बिट, तासाला सुमारे १ जीबी. त्याला 'बिट-दर' म्हणा. एमपी३ वरचा ३२० (सेकंदाला किलोबिट) हा आकडा फाइल दाबून लहान केल्यानंतरचा असतो. त्यावरून बिटसंख्या कळत नाही.

सूचनांत एक गोष्ट ठळक हवी: पहिला टेक घेण्याआधी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट आणि इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) दोन्हीकडे नमुना-दर एकच ठेवा. व्हिडिओसाठी ४८, फक्त सीडीसाठी ४४.१. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ ने वाजली तर लय जवळजवळ ९ टक्के चढते आणि पांढरी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये जाऊन बसतो. हार्मोनियमवर तो सूर सापडतच नाही. १६ बिट करायचे ते अगदी शेवटी, डिदर (बिट कमी करताना मिसळलेली अगदी बारीक खरखर) लावून.

मात्रा: 'डिदर' तसाच ठेवा. मेनूत तोच शब्द शोधावा लागतो. त्याच कारणासाठी पहिल्या उल्लेखात 'सॅम्पल रेट, म्हणजे नमुना-दर' असं लिहा.