धिप्पाड लाइनमन आणि न मोजलेल्या धडका

अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनमनबद्दल, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्याला अडवणाऱ्या धिप्पाड खेळाडूंबद्दल, काही जण म्हणतात की १४० किलोच्या माणसाला कोण काय इजा करणार, मार खातात ते बारके, चपळ खेळाडू. मला हे अजिबात पटत नाही.

लाइनमन एक हात जमिनीला टेकवून वाकतो, चेंडू मागे गेला की समोरच्याच्या अंगावर झेपावतो, आणि असं एका सामन्यात साठेक वेळा. दरवेळी डोकं थोडंसं हादरतं. चक्कर येत नाही, मैदान सोडावं लागत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे फळीतला मधला लाइनमन, माइक वेब्स्टर २००२ मध्ये पन्नाशीतच गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालूंना त्याच्या मेंदूत सीटीई हा, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धडक्यांशी जोडला जाणारा मेंदूचा आजार आढळला. आजच्या लाइनमनांशेजारी तर तो किरकोळच दिसला असता! शिवाय एकमेकांवर पडलेल्या खेळाडूंच्या ढिगाऱ्यात आपल्याच जोडीदाराचं धूड मागून घोट्यावर कोसळतं, ते वेगळंच.

डावपेचांत वजनाचा उपयोग होतो, हे मात्र मान्य. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा 'टश पुश' हा डाव बघा. एक यार्ड पुढे सरकायचं असलं की पुढची फळी खाली वाकून घुसते आणि चेंडू घेतलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या जेलन हर्ट्सला, मागून ढकलतात. त्या फळीत १६५ किलोंचा जॉर्डन मायलाटा आहे, मूळचा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू. मे २०२५ मध्ये एनएफएल या अमेरिकी लीगमधले २२ संघ यावर बंदीच्या बाजूने होते, बंदीसाठी लागत होते २४. अशा वजनदार संघाला दमवायचं तर हडल, म्हणजे डाव ठरवायला घोळक्यात जमणं, टाळून भराभर खेळायचं, म्हणजे त्यांना बदली खेळाडू आणायला उसंतच मिळत नाही.

२०२२ पासून एनएफएलच्या सराव शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर मऊ गादीचं आवरण सक्तीचं झालं. सामन्यातही ते सक्तीचं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.