जुन्या व्हॅनच्या इंजिनमधून ऑइल गळतंय, इंजिन बांधायला काढावं का?

सीटखालचं_इंजिन

माझी व्हॅन जुनी आहे. पेट्रोल, चार सिलेंडर, कार्बोरेटरवाली, इंजिन पुढच्या सीटखाली. जिथे उभी राहील तिथे खाली ऑइलचा डाग पडतोच. दर हजार किलोमीटरला साधारण पाऊण लिटर ऑइल वरून टाकावं लागतं. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं), गिअरबॉक्सचा पुढचा भाग, सायलेन्सरचा पाइप, सगळं काळंकुट्ट झालंय. चढावर पिकअप कमी वाटतो आणि आयडलला मध्येच एक ठोका चुकतो. धूर मात्र अजिबात नाही. थंड इंजिन सुरू करताना नाही, आणि उतारावर पाय काढून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी मागे निळं काही दिसत नाही.

मिस्त्रींनी खालून टॉर्च मारला आणि म्हणाले, इंजिन थकलंय, उतरवून पूर्ण बांधून घ्या. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक, बेअरिंग, सगळं. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण एकही माप न घेता हे ठरलं, ते खटकतंय. दुसरे एक जण म्हणाले, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका आणि चालवत राहा. गाडी मला ठेवायचीच आहे. घरच्या सगळ्या मोठ्या प्रवासांना हीच गाडी होती, आणि बॉडी-चॅसिस अजून ठणठणीत आहे. चांगलं इंजिन उगाच खोलायचं नाही, पण आतून खरंच गेलं असेल तर माणसं घेऊन रस्त्यात अडकायचंही नाही. हे ठरवायचं कशावरून?

चौदाचा_पाना

दादा, गळणं आणि झिजणं हे दोन वेगळे आजार आहेत. इंजिन बांधल्यावर गळती थांबते ती नव्या पॅकिंग आणि सीलमुळे. नव्या पिस्टनचा त्याच्याशी संबंध एकाच बाबतीत येतो: रिंगा झिजल्या की गॅस खाली चेंबरमध्ये उतरतो, तिथे दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. म्हणून आधी ब्रिदरचा, म्हणजे चेंबरमधला गॅस बाहेर काढणारा, पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह काढून बघा. तो चिकट काळ्या गाळाने तुंबला असेल, तर रिंगा चांगल्या असूनही तसाच दाब साठतो. साफ करा, मग गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण उघडा. हलका श्वास आला तर ठीक. झाकण नुसतं ठेवल्यावर नाचायला लागलं, भकभक धूर आला, तर काळजी करायची.

आता गळती कुठली ते शोधा. चालत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे उडतं, त्यामुळे इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असलं तरी क्रँकचं मागचं सील गेल्यासारखं दिसतं. इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि थोडी चालवून आणा. पावडरीवर ओघळ स्पष्ट उठतो. सगळ्यात वरची ओली जागा हेच मूळ, त्याखालचं सगळं ओघळून आलेलं. ऑइल प्रेशर स्विच विसरू नका, एवढासा तो स्विच अख्खं इंजिन माखून टाकतो. आणि सायलेन्सरच्या गरम पाइपवर थेंब पडत असतील तर ते काम आधी करा, तिथे आग लागू शकते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते, प्लगच्या भोकात गेज लावून मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. आकडा किती यावा ते गाडीच्या पुस्तकात असतं, पण चौघांतला फरक जास्त बोलतो. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनला हात लावू नका. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

शेवटी प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावा आणि गरम इंजिनचं ऑइल प्रेशर बघा. बेअरिंगची खरी स्थिती तिथेच कळते. जाड ऑइलने थेंब सावकाश पडतील, सील काही भरून येणार नाही.

लांबपल्ला

माझं मत थोडं वेगळं आहे. मागचं क्रँक सील गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. एवढी मेहनत करून तेच जुनं इंजिन पुन्हा चढवायचं मला पटत नाही. मी माझ्या गाडीचं पूर्ण काम केलं आणि समाधानी आहे. फक्त अर्धवट करू नका. बोअर अंडाकृती झालेला असताना नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर त्या बसत नाहीत, ऑइल खाणं आणखी वाढतं.

सीटखालचं_इंजिन

सगळं सांगितलं तसं केलं. ब्रिदरमध्ये गाळ होता, काढला. आता झाकण उघडलं तर श्वास हलका आहे. कॉम्प्रेशन: १५५, १५०, ११५, १५२ पीएसआय. तिसऱ्यात ऑइल टाकून ११८, म्हणजे हललाच नाही. ऑइल प्रेशर गरम आयडलला १६ आणि २००० आरपीएमला ४२ पीएसआय. पावडरीवर दोन जागा उठल्या: टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कव्हरच्या) खालच्या भोकातून थेंब. भोकातलं ऑइल काळं आहे, गिअर ऑइलचा वास नाही, म्हणजे ते इंजिनचंच, मागच्या क्रँक सीलमधून येतंय. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह गेला असेल तर हेड उतरवू का?

फीलर_गेज

थांबा, हेड उतरवायच्या आधी थंड इंजिनवर तिसऱ्याचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधला गॅप, मोजा. एक्झॉस्टचा गॅप संपला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि नेमकं असंच कॉम्प्रेशन येतं. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत गेला की गॅप कमी होतच जातो. कव्हर पॅकिंगसाठी काढणारच आहात, त्याच वेळी बघा. आणि कॉर्कचं पॅकिंग असेल तर बोल्ट करकचून आवळू नका, कॉर्क चिरडतो आणि पुन्हा गळतं.

या प्रेशरला क्रँक-बेअरिंग काढणं म्हणजे चांगला माल फेकणं आहे.

सीटखालचं_इंजिन

तिसऱ्याच्या एक्झॉस्टच्या गॅपमध्ये फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातंसुद्धा जात नव्हतं! पुस्तकाप्रमाणे गॅप दिला. कॉम्प्रेशन १४४ आलं आणि ठोका चुकणं बंद. कव्हरचा कोपराही कोरडा आहे. मिस्त्रींना आकडे लिहून दाखवले, त्यांनी नीट वाचले आणि म्हणाले, मग गिअरबॉक्सच उतरवू. उतरवताना आणखी काय बघून घ्यायचं?

चौदाचा_पाना

उत्तम. उतरवण्याआधी एक जण क्लच दाबेल, तुम्ही पुढची पुली बघा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढेमागे हलली तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत, ते तसेच ठेवले तर नवं सीलही लवकर गळेल. सील काढल्यावर क्रँकच्या ज्या पट्ट्यावर सीलचा ओठ घासतो त्यावर नख फिरवा. खाच लागली तर मिस्त्रींना सांगा, नवं सील जरा आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो का बघा, नाहीतर पातळ स्लीव्ह चढवा. क्लच प्लेट ऑइलने भिजली असेल तर धुवून लावू नका, बदला.

तिसऱ्याचा गॅप अधूनमधून मोजत राहा. तो पुन्हा लवकर बंद झाला तर सीट चाललीय, तेव्हा फक्त हेडचं काम करा.